आपलं नाही, पण आपल्याच डिस्कवर

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली. इयन मर्डॉक यांनी ती ऑगस्ट १९९३मध्ये सुरू केली, आणि आपलं काय नि परकं काय हे त्या मंडळींनी जुलै १९९७मध्ये लेखी ठरवून टाकलं. ‘सोशल कॉन्ट्रॅक्ट’ नावाच्या त्या करारनाम्यातलं पहिलंच वचन असं की डेबियन पूर्णपणे मुक्त राहील: सोर्स कोड खुला, तो बदलायची आणि वाटायची मोकळीक. पाचव्या कलमात मात्र एक पळवाट (किंवा शहाणपण म्हणा) ठेवलेली होती. जे मुक्त नाही ते डेबियनचा भाग नाही. तरी लोकांना लागतं, म्हणून ‘नॉन-फ्री’ या वेगळ्या विभागात आमच्याच सर्व्हरवर राहील.

हा विभाग बंद करावा का, यावर २००४मध्ये मतदान झालं आणि तो ठेवायचं ठरलं. पण खरी डोकेदुखी फर्मवेअरची होती.

फर्मवेअर म्हणजे वाय-फाय कार्ड, ग्राफिक्स कार्ड अशा उपकरणांच्या पोटात चालणारा प्रोग्राम; बहुधा बंदिस्त, म्हणजे सोर्स कोड खुला नसलेला. पूर्वी तो बहुधा चिपमध्येच भरून यायचा, त्यामुळे तो आहे याचा कोणाला पत्ताही नसे. पुढे पुष्कळ कंपन्यांनी पद्धत बदलली: संगणक सुरू झाला की ऑपरेटिंग सिस्टिमने ती फाइल उपकरणाला पुरवायची. बंदिस्तपणा होता तेवढाच राहिला, पण फाइल सांभाळणं आता डेबियनच्या गळ्यात आलं. करार बदलला नव्हता, यंत्रं बदलली होती.

२००६ आणि २००८मध्ये यावर पुन्हा मतं पडली. दोन्ही वेळा ‘या आवृत्तीपुरतं चालवून घ्या’ यावर भागलं. फेब्रुवारी २०११च्या ‘स्क्वीझ’ आवृत्तीत मात्र कर्नलमधलं (लिनक्सच्या गाभ्यातलं) बंदिस्त फर्मवेअर काढून ‘नॉन-फ्री’त टाकलं गेलं. तत्त्व जपलं गेलं, भोगलं वापरणाऱ्यांनी. नव्या लॅपटॉपवर डेबियन टाकायला बसावं, तर इन्स्टॉलर मध्येच थांबून ‘आयडब्ल्यूएल-वायफाय’ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावाची फाइल मागायचा, पेन ड्राइव्हवर किंवा फ्लॉपीवर असेल तर द्या म्हणायचा. फ्लॉपीवर! फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेटचं वाय-फाय त्या फाइलवाचून बंद. फर्मवेअरसकटची वेगळी डिस्क-प्रतिमा डेबियनचीच माणसं तयार करत, पण तिच्यावर ‘अनधिकृत’ असा शिक्का. ज्याला ठाऊक, तो मागच्या दाराने आत यायचा.

एप्रिल २०२२मध्ये स्टीव्ह मॅकिंटायर यांनी हा विषय सरळ ऐरणीवर आणला. ते स्वतः या डिस्क-प्रतिमा तयार करण्याच्या कामातले, त्यामुळे दुखणं जवळून पाहिलेले. त्यांच्या मुद्द्यांपैकी मला सगळ्यांत वजनदार वाटतो तो अंध वापरकर्त्यांचा. डेबियनचा इन्स्टॉलर बोलून दाखवतो, पण कित्येक नव्या लॅपटॉपांत आवाजालाच फर्मवेअर लागतं. तो मुका झाला की ज्याला पडदा दिसत नाही त्याने करायचं काय?

त्यावर पुन्हा मतदान झालं आणि ऑक्टोबर २०२२मध्ये निकाल लागला: अधिकृत डिस्क एकच, आणि तिच्यात फर्मवेअर असेल. करारनाम्याला हात लावायला तिप्पट बहुमत लागतं, तेही मिळालं. पाचव्या कलमात एका वाक्याची भर पडली: डेबियनचा भाग नसलेलं फर्मवेअर अधिकृत डिस्कवर असू शकेल. ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा नवा विभाग निघाला, आणि १० जून २०२३ला आलेली ‘बुकवर्म’ ही त्या धोरणाची पहिली आवृत्ती.

यात तत्त्वांना तिलांजली दिली, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. बंदिस्त फर्मवेअरला ‘आपलं’ म्हणायला डेबियन आजही तयार नाही; त्याचा विभाग वेगळा, नाव वेगळं. ते लागतं हे मात्र आता उघडपणे मान्य केलं, आणि हे आणखी दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं. ज्यांना ते मुळीच नको, त्यांनी इन्स्टॉलर सुरू करताना ‘फर्मवेअर=नेव्हर’ हा पर्याय द्यावा; तो इंग्रजी अक्षरांत टाइप करावा लागतो, एवढंच.