रंग लडीत कसा उतरतो

हाताने रंगवलेल्या लोकरीच्या दोन लडी तंतोतंत सारख्या निघत नाहीत, म्हणून हे काम नशिबावर चालतं असा समज आहे. खरं तर तो फरक बराचसा रंगाऱ्यानेच ठरवलेला असतो. लोकरीवर आम्लरंग चढतो तो उष्णता आणि व्हिनेगर यांच्या जोरावर. पाणी आधीच गरम आणि आंबट असेल, तर रंग पहिल्यांदा टेकतो तिथेच धरतो आणि लड ठिपकेदार होते. व्हिनेगर उशिरा घालून आच हळूहळू वाढवली, तर तेवढाच रंग सगळीकडे सारखा बसतो. नीळ याहून हट्टी. ती साध्या पाण्यात विरघळतच नाही. तिच्या कुंडातून वर काढलेली लड आधी पिवळसर हिरवी दिसते आणि हवा लागली की बघता बघता निळी होत जाते. गडद छटेसाठी ती पुन्हा पुन्हा बुडवावी लागते.

एकसारखा रंग कारखाना स्वस्तात देतो, कृत्रिम नीळही १८९७पासून बाजारात आहे, मग हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. पण स्वतंत्र रंगारीही अनेकदा कृत्रिम रंगच वापरतात. त्यांची कला रंगाच्या उगमात नाही, वजन, वेळ आणि आच यांच्या निर्णयांत आहे. विणणाऱ्यांची तक्रार मात्र रास्त आहे: स्वेटरच्या मध्यावर लड बदलली की तिथे रेघ उमटते. दोन लडी दर दोन ओळींनी आलटून पालटून विणल्या की ती पुसट होते, आणि हे विकतानाच सांगणं रंगाऱ्याचं काम आहे.