हक्काच्या दारात याचक!

दरवर्षी ७ डिसेंबर उजाडला की सशस्त्र सेना ध्वजदिन साजरा होतो. १९४९ सालापासून हा प्रघात चालू आहे. कचेऱ्यांतून आणि शाळांतून निधीचे डबे फिरतात, खिशांवर चिमुकले ध्वज टाचले जातात, आणि सैनिक सीमेवर जागतो म्हणून आपण घरी सुखाने निजतो, या वाक्याचा घोष प्रत्येक व्यासपीठावरून होतो. वाक्य खरे आहे. म्हणूनच ते उच्चारणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे. कारण तोच सैनिक गणवेश उतरवून गावी परततो, हिमशिखरांवरील चौक्यांची थंडी त्याच्या गुडघ्यांत कायमची वस्तीला येते, बॉम्बगोळ्यांच्या आवाजाने कानांना दडे बसतात, आणि मग औषधासाठी व पेन्शनसाठी तो सरकारच्या दारात जातो. तेथे त्याची गाठ ना ध्वजाशी पडते, ना भाषणाशी. त्याची गाठ पडते ती कारकुनाच्या खिडकीशी!

‘गरज सरो आणि वैद्य मरो’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी व्यवहारातील कृतघ्नतेला उद्देशून रचली. माजी सैनिकांच्या बाबतीत राज्यकर्त्यांची वृत्ती तिच्या फार जवळ जाऊन पोचली आहे, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. सरकारने सैनिकाला काही दिलेच नाही, असा आमचा आरोप नाही. कायदे आहेत, योजना आहेत, निधी आहे, मंडळे आहेत. आमची तक्रार याहून निराळी आणि अधिक गंभीर आहे. जे सैनिकाचे आहे ते त्याला मागावे लागते, सिद्ध करावे लागते, आणि पुष्कळदा कोर्टात जाऊन जिंकावे लागते. जिंकूनही ते हाती पडेपर्यंत आयुष्याची दोरी पुरेल की नाही, याची शाश्वती नसते. हक्क जेव्हा असा मिळतो, तेव्हा तो हक्क राहत नाही. त्याची भिक्षा होते.

इतर सरकारी नोकर आणि सैनिक यांच्यांत एक मूलभूत भेद आहे, तो शहरातील सुशिक्षित वाचकांनी ध्यानात घ्यावा. कचेरीतील कर्मचारी साठीपर्यंत नोकरीत राहतो. पलटणीतला शिपाई पंधरा-सतरा वर्षांची सेवा करून पस्तिशी-चाळिशीच्या उंबरठ्यावरच घरी येतो. तो आपखुशीने येत नाही. सैन्य तरुण राहावे म्हणून राष्ट्रच त्याला घरी पाठवते. मुले शाळेत, आईबाप थकलेले, घर बांधावयाचे राहिलेले, अशा वेळी त्याचा पगार थांबतो. त्यानंतर जे निवृत्तिवेतन त्याला मिळते ते त्याने अगोदरच घाम आणि रक्त सांडून मिळविलेले वेतन असते. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठापुढे, हेच तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत मांडले. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिशी नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ होता. त्याला चार दशके उलटून गेली. पण तो निकाल सरकारी टेबलांपर्यंत अद्याप पोचावयाचा आहे!

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द उगाच लागलेला नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र चालू आहे. १९१७ साली स्थापन झालेली खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अपंग जवानांना हातचा धंदा शिकवीत आली आहे. तेथेच पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी १९७४ मध्ये पुनर्वसन केंद्र उभे राहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले आमचे सांगलीकडील मुरलीकांत पेटकर १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकून आले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी! पराक्रमाचे कौतुक करावयासही ज्या राज्ययंत्राला अर्धशतक लागते, त्याच्याकडून एखाद्या अनामिक हवालदाराच्या अर्जाचा निकाल किती त्वरेने लागणार?

विकलांगता पेन्शनचेच उदाहरण घ्या. सैन्यात भरती होताना उमेदवाराची अंगप्रत्यंगे तपासली जातात. धडधाकट ठरला तरच त्याला आत घेतात. हाच धडधाकट तरुण काही वर्षांनी व्याधिग्रस्त झाला म्हणजे वैद्यकीय मंडळ शेरा मारते की, या व्याधीचा सेवेशी संबंध नाही. संबंध आहे, हे सिद्ध कोणी करावयाचे? त्या आजारी शिपायाने! १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झालेल्या धर्मवीर सिंह या जवानाला सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर, १९९४ मध्ये अपस्माराच्या कारणावरून घरी पाठविण्यात आले आणि ही पेन्शन नाकारण्यात आली. न्याय मिळाला तो जुलै २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर सैनिक त्या वेळी निरोगी होता असेच धरले पाहिजे, आणि रोग सेवेमुळे जडला नाही हे दाखविण्याचा भार सरकारवर आहे, असे न्यायालयाने सांगितले. जे कोणाही शहाण्या माणसाला पाच मिनिटांत पटावे, ते पटवून घ्यावयास एका शिपायाची एकोणीस वर्षे खर्ची पडली!

एवढ्यावर प्रकरण मिटले असते तर आम्ही आनंदाने मौन पाळले असते. पण त्यानंतरही सरकार तशाच खटल्यांत अपिलामागून अपिले करीत राहिले. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्याच्या निकालाने अशा अपिलांची एक मोठी रांगच निकालात निघाली. २०१५ साली संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी हे खटले कमी कसे करावेत हे सांगण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिने ठरून गेलेल्या मुद्द्यांवरची अपिले मागे घ्यावीत, अशी शिफारस केली. सैनिकांना लवकर न्याय मिळावा म्हणून २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे एक पीठ मुंबईतही आहे. तेथे जिंकलेल्या जवानाला पुन्हा वरच्या कोर्टात खेचावयाचे असेल, तर ही सारी उठाठेव कशासाठी केली? सरकारकडे वकिलांची फौज आहे आणि सरकारला मरण नाही. सैनिकाकडे मात्र यांपैकी काहीच नाही.

‘समान हुद्दा, समान पेन्शन’ या मागणीची कहाणीही अशीच दीर्घ आहे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने डिसेंबर २०११ मध्ये ती न्याय्य ठरविली. तरीही २०१५ च्या उन्हाळ्यात पदके लावलेल्या वृद्ध सैनिकांना दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरावे लागले, तेव्हा कोठे त्या वर्षीच्या ५ सप्टेंबरला घोषणा झाली. १ जुलै २०१४ पासून योजना लागू झाली आणि दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती ठरली. पहिली फेरनिश्चिती १ जुलै २०१९ ला देय होती. ती करावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०२२ मध्ये द्यावा लागला. तीन महिन्यांची मुदत टळली, मुदतवाढी झाल्या. अखेरीस २० मार्च २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सरकारचा बंद लिफाफा स्वीकारण्यास नकार देऊन थकबाकी फेडण्याच्या तारखाच बांधून दिल्या: कुटुंब पेन्शनधारकांना व पदकविजेत्यांना आधी, सत्तरी ओलांडलेल्यांना त्यानंतर, आणि शेवटचा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत. पित्याच्या पीठाने सांगितलेले तत्त्व चाळीस वर्षांनी पुत्राला तारीखवार वसूल करून द्यावे लागले! या काळात किती वृद्धांनी वाट पाहतच डोळे मिटले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता आरोग्याकडे वळू. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. ती चांगली आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके, पॅनेलवरील खाजगी रुग्णालये आणि पन्नास लाखांहून अधिक लाभार्थी असा तिचा व्याप आहे. परंतु योजनेचा लाभ पेन्शनधारकांपुरताच राखल्यामुळे दुसऱ्या महायुद्धातील बिनपेन्शनी सैनिकांना आणि आणीबाणीच्या काळात कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांना तिचा दरवाजा बंद राहिला. तो उघडण्याचा निर्णय झाला मार्च २०१९ मध्ये. महायुद्ध संपले १९४५ साली! चौऱ्याहत्तर वर्षांनी आलेले हे औषध घेण्यास कितीजण शिल्लक होते? बैल गेला आणि झोपा केला, असे आमचे शेतकरी म्हणतात ते याला.

ज्यांना दरवाजा उघडा आहे, त्यांचीही वाट सुकर नाही. महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालाने औषधांची टंचाई आणि रुग्णालयांच्या बिलांतील दिरंगाई यांवर बोट ठेवले होते. डोंगरी तालुक्यातला सत्तरीचा सैनिक एस. टी. बदलत पॉलिक्लिनिकला पोचतो. त्याला कळते की औषध आलेले नाही. मोठ्या रुग्णालयासाठी रेफरल मिळाले तर तेथे सांगतात की आमचे पैसे सरकारकडे थकले आहेत. रुग्णालयांचीही बाजू आहे: उपचारांचे बहुतेक दर २०१४ साली ठरले आणि त्यांची सर्वांगीण फेररचना २०२५ च्या अखेरीस झाली. तोटा सोसून धर्मकृत्य करावे, अशी अपेक्षा खाजगी धंद्याकडून कशी करावी? भांडण सरकार आणि रुग्णालय यांचे. मध्ये चिरडतो तो छातीत कळ आलेला सुभेदार.

याहून क्रूर प्रकार कागदांचा आहे. आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रूढी आहे. पलटणीच्या दप्तरात माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे, असे घरोघर आढळते. नवरा जिवंत असेपर्यंत कोणाचे अडत नाही. तो गेला की त्या विधवेला आपण त्याचीच पत्नी असल्याचे प्रतिज्ञापत्रावर सिद्ध करावे लागते. पेन्शनचा कारभार ‘स्पर्श’ या संगणक व्यवस्थेवर आणला गेला. हेतू स्तुत्य होता. पण एप्रिल २०२२ चे पेन्शन पन्नास हजारांहून अधिक निवृत्तांच्या खात्यांत वेळेवर जमा झाले नाही, कारण त्यांच्या हयातीच्या दाखल्याची नोंद यंत्राला सापडली नाही! ओरड झाल्यावर मे महिन्यात रक्कम जमा झाली. शत्रूच्या तोफांना जे जमले नाही ते एका नोंदीच्या अभावाने केले. जिवंत सैनिकांना मृतवत ठरविले.

यावर खर्चाचा मुद्दा पुढे येईल. तो पोकळ नाही. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी असलेल्या सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांपैकी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत. विकलांगतेच्या सवलतींचा काही सुखवस्तू अधिकारी गैरफायदा घेतात, असेही म्हटले जाते, आणि सप्टेंबर २०२३ चे नवे नियम काहीसे त्याच शंकेतून जन्मले. आमचे उत्तर सरळ आहे. लबाड असेल त्याला हुडकून काढा व शासन करा. पण चार लबाडांच्या पापासाठी सियाचीनमध्ये बोटे गमावलेल्या शिपायाला संशयिताच्या पिंजऱ्यात उभे करू नका. शिवाय दिरंगाईने पैसा वाचत नाही. व्याज, वकिलांची फी आणि कोर्टखर्च यांनी तो वाढतोच. दिरंगाईने वाचते ती फक्त मेलेल्याची पेन्शन, आणि ही बचत कोणत्याही सुसंस्कृत राज्याला शोभणारी नाही.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेने या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. चार वर्षांनी परतणाऱ्या बहुसंख्य अग्निवीरांना पेन्शनही नाही आणि ही आरोग्य योजनाही नाही. पहिल्या तुकडीची मुदत २०२६ च्या अखेरीस पुरी होते. त्यांच्या व्याधींचे उत्तर आजच शोधले नाही, तर महायुद्धातील बिनपेन्शनी सैनिकांची कथा नव्या पिढीत पुन्हा लिहिली जाईल.

मग करावयाचे काय? जवान सेवेतून मुक्त होण्यापूर्वीच त्याच्या पत्नीचे नाव, मुलांच्या नोंदी आणि आरोग्याचे कागद बिनचूक करून देण्याची जबाबदारी पलटणीच्या अभिलेख कार्यालयावर टाका. न्यायालयाने एकदा ठरविलेल्या मुद्द्यावर पुन्हा अपील करणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी कारण मागा. पेन्शनला विलंब झाला तर व्याज न मागता द्या. रुग्णालयांची बिले मुदतीत फेडा आणि दूरच्या तालुक्यांत फिरते दवाखाने ठरल्या दिवशी पाठवा. प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पूर्ण वेळ अधिकारी आणि पुरेसे कर्मचारी नेमा. यांत अशक्य असे काहीच नाही. जे राज्य भरतीच्या दिवशी तरुणाला त्याच्या गावातून शोधून काढते, त्याला म्हातारपणी त्याच गावी त्याचा पैसा आणि औषध पोचविता येत नाही, हे आम्ही मानावयास तयार नाही.

नागरिकांचेही कर्तव्य ध्वजाला पैसे देऊन संपत नाही. आपल्या शेजारी, आपल्या गावी, एखाद्या वीरपत्नीचा अर्ज अडला असेल, तर लिहितावाचता येणाऱ्या माणसाने तासभर बसून तो नीट लिहून द्यावा, सैनिक कार्यालयापर्यंत तिला सोबत करावी. आणि मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे की, सैनिकांच्या थकल्या अपिलांचे आणि थकल्या बिलांचे तुम्ही काय करणार? सैनिकाने शपथ घेताना पुराव्याचे कागद मागितले नव्हते. राष्ट्राने आपला शब्द पाळताना ते मागत बसू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.