मंद आचेवरचे खिम्याचे गोळे

बोकडाच्या मांसाचा बारीक खिमा मीठ-मसाल्यासह मळायचा, त्याचे लिंबाएवढे गोळे वळायचे आणि ते वाटणाच्या रश्श्यात सावकाश शिजवायचे, ही खिम्याच्या गोळ्यांच्या कालवणाची रीत. अर्धा किलो खिम्यात पाच-सहा जणांचे घर पोटभर जेवते. गोळ्यात हाड नसते, त्यामुळे लहान मुलांना आणि दात अधू झालेल्या वडीलधाऱ्यांनाही तो सोसतो. पंगतीत सर्वांच्या ताटात सारखे वाढता येते. नळी कोणाला आणि चाप कोणाला, हा प्रश्न उरत नाही. मटण महाग असताना थोड्या मांसाला पिठाची आणि कांद्याची जोड मिळते, हा आणखी एक फायदा.

रायगडच्या अंतर्भागात, म्हणजे कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, मटण हे रोजचे अन्न नाही. रविवार, धुळवड, पाहुणचार आणि श्रावण लागण्याआधीचा आषाढ हे त्याचे दिवस. नेरळ-कळंब परिसरातील पोशीरसारख्या गावात पावसाळ्यात भातलावणीची घाई असते, आणि अनेक घरांतली माणसे नोकरीसाठी लोकलने कल्याण-मुंबईकडे जातात. दिवसभर कोणीही चुलीपाशी उभे राहू शकत नाही, आणि रात्री सगळे एकत्र जेवायला बसतात. अशा घराला न ढवळता, लक्ष न देता शिजणारे कालवण फार सोयीचे. खिम्याचे गोळे तसे शिजतात; त्यांना ढवळणे तर अपायकारकच असते.

जुना पदार्थ

मसाला घातलेल्या मांसाचे गोळे ही कोण्या एका देशाची मिरासदारी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सनाच्या बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर प्रकरण आहे. कुटलेल्या मांसाचे गोळे आणि असे मांस पोकळ वांग्यात भरून तळण्याची रीत त्यात येते. पश्चिम आशियात इ. स. १२२६ मध्ये बगदादमध्ये लिहिल्या गेलेल्या अल-बगदादीच्या पाकग्रंथातही कुटलेल्या मांसाचे गोळे अनेक कालवणांत पडतात. कोफ्ता या नावाने हा पदार्थ सुलतानी आणि मोगल काळात उत्तर हिंदुस्थान व दख्खनच्या मुदपाकखान्यांत रुळला. महाराष्ट्रातल्या मांसाहारी घरांनी त्याला भाजक्या सुक्या खोबऱ्याचे आणि कांद्याचे वाटण दिले, सोबत भाकरी दिली, आणि तो इथलाच झाला.

चुलीचा वैल, इकमिक आणि स्लो कुकर

मंद शिजवण्याची सोय मराठी चुलीतच आहे. चुलीच्या बाजूला जोडलेल्या वैलावर थेट जाळ लागत नाही. मुख्य चुलीतून सरकलेली उष्णता तिथे पोचते. भाकऱ्या चुलीवर होत असताना आमटी किंवा कालवण वैलावर संथपणे रटरटत राहते. स्वयंपाक आटोपल्यावर लाकडे मागे ओढून उरलेल्या निखाऱ्यांवर पातेले ठेवण्याची रीतही याच तत्त्वावर चालते. झाकणावर पाणी भरलेली ताटली ठेवली की आतली वाफ तिला लागून थंड होते आणि थेंब पुन्हा रश्श्यात पडतात. कालवण आटत नाही, करपत नाही, आणि कमी पडले तर घालायला ताटलीतले गरम पाणी हाताशी असते.

कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये केलेला इकमिक कुकर हा याच विचाराचा पुढचा टप्पा. तळाशी कोळसा, वर एकावर एक डबे. वाफेवर भात, डाळ, मांस तासन्‌तास आपोआप शिजे, आणि माणूस कामाला मोकळा राही. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांना विजेवर चालणाऱ्या, भोवताली उष्णता देणाऱ्या भांड्याचे पेटंट १९४० मध्ये मिळाले. पूर्व युरोपातील ज्यू कुटुंबांत शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर शिजत ठेवलेल्या कडधान्य-मांसाच्या पदार्थाच्या आठवणी त्यांच्या आईने सांगितल्या होत्या, त्यावरून ही कल्पना आली. रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेऊन १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ बाजारात आणले, आणि स्लो कुकर घराघरांत गेला.

स्लो कुकरमध्ये चिनीमातीचे जाड भांडे असते आणि त्याच्या भोवती विजेची तार बसवलेली असते. मंद आणि तेज अशा दोन्ही खुणांवर भांडे शेवटी उकळीच्या जवळ पोचते. मंद खुणेवर त्याला दुपटीच्या आसपास वेळ लागतो. ज्या घरी हे यंत्र नाही, तिथे जाड बुडाचे पातेले, त्याखाली लोखंडी तवा आणि गॅसची सर्वांत लहान ज्योत एवढ्यावर तेच काम होते.

गोळ्याच्या आत काय घडते

गोळा मऊ आणि तरीही सलग राहावा, हेच या पदार्थाचे सगळे कौशल्य. खिमा मळताना मिठामुळे मांसातले मायोसिन नावाचे प्रथिन विरघळून चिकट होते. हाताला चिकटणारा हा थर शिजताना घट्ट होतो आणि गोळा बांधून ठेवतो. सुमारे ५० अंश सेल्सिअसपासून मायोसिन आवळू लागते, आणि ६५ अंशांच्या पुढे इतर प्रथिनेही आकसून पाणी बाहेर टाकतात. खळखळ उकळीत हे आकसणे झटकन आणि जोरात होते. गोळा कडक, कोरडा होतो, वर उकळीच्या धक्क्याने फुटतो.

मांसातील पांढरे चिवट धागे कोलॅजेनचे असतात. ते ७० अंशांच्या पुढे बराच वेळ ओलसर उष्णतेत राहिले तर त्यांचे मऊ जिलेटिन होते. हे काम वेळ मागते, जाळ नव्हे. हेच जिलेटिन रश्श्यात उतरून त्याला दाटपणा आणि ओठांना किंचित चिकटणारी गोडी देते. पिठाचे काम वेगळे आहे. ते मांसातून सुटणारे पाणी आणि चरबी शोषून गोळ्यातच धरून ठेवते. म्हणून नुसत्या मांसाच्या गोळ्यापेक्षा थोडे पीठ घातलेला गोळा मऊ लागतो.

खिमा कसा घ्यावा

बोकडाच्या खांद्याचे आणि मानेचे मांस गोळ्यांना उत्तम. त्यात कोलॅजेन आणि चरबी दोन्ही असतात. नुसत्या मांडीच्या मांसाचा खिमा कोरडा पडतो, म्हणून खाटकाला त्यात थोडी चरबी घालायला सांगावे. एकूण वजनाच्या १५ ते २० टक्के चरबी पुरेशी होते. मांस यंत्रातून दोनदा काढून घ्यावे. धुवायचे असेल तर तुकडे असतानाच धुऊन, निथळून, कोरडे करून मग बारीक करावे. तयार खिमा पाण्यात धुतला की पाणी त्यात अडकून बसते आणि गोळे वळत नाहीत. कच्ची पपई चोळण्याची सवय इथे टाळावी. तिच्यातील पपेन प्रथिने तोडते आणि गोळ्याची बांधणीच सुटते.

मळणी आणि वळणी

अर्धा किलो खिम्याला दीड लहान चमचा मीठ, दोन लहान चमचे आले-लसणाचे वाटण, दोन-तीन बारीक चिरलेल्या हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, पाव चमचा हळद आणि एक चमचा घरचा मसाला लागतो. एक लहान कांदा अगदी बारीक चिरून, किंचित मीठ लावून, पिळून घ्यावा. न पिळलेल्या कांद्याचे पाणी शिजताना सुटते आणि तिथेच गोळ्याला चीर जाते. बांधणीसाठी डाळ्याचे पीठ तीन मोठे चमचे घालावे. ते नसेल तर एक पाव दुधात किंवा पाण्यात भिजवून, घट्ट पिळून घालावा.

आधी खिमा आणि मीठ चार-पाच मिनिटे मळून चिकट करावे, मग बाकीचे जिन्नस मिसळावेत. सगळे एकदम घातले तर चिरलेला कांदा आणि कोथिंबीर मिठाचे काम अडवतात. सुपारीएवढा तुकडा तव्यावर भाजून मीठ-तिखट पाहून घ्यावे. मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यास चरबी घट्ट होते आणि ते हाताला आटोपते. मग ओल्या हाताने साधारण २५ ते ३० ग्रॅमचे गोळे वळावेत. एवढ्या खिम्यात ते वीसेक होतात. सगळे सारख्या आकाराचे असावेत, म्हणजे एकदम शिजतात. गोळ्याला चीर राहू देऊ नये.

वाटण आणि रस्सा

तीन मध्यम कांदे उभे चिरून तेलावर तांबूस परतावेत. अर्धी वाटी सुके खोबरे खरपूस भाजावे. धणे, चार लवंगा, सहा-सात मिरे, दालचिनीचा तुकडा आणि चमचाभर खसखस कोरडी भाजून घ्यावी. हे सारे थोड्या पाण्यासह गंधासारखे बारीक वाटावे. पातेल्यात तेल तापवून आले-लसूण, हळद आणि दोन-तीन चमचे मसाला परतावा, मग वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतत राहावे. ही पायरी घाईने उरकू नये. पाण्यात शिजणारा पदार्थ १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे भाजण्याचा खमंगपणा नंतर मिळण्याची सोय नसते. तो आधीच मिळवावा लागतो. याच कारणासाठी काही जण गोळेही तव्यावर थोड्या तेलात फिरवून बाहेरून तांबूस करून घेतात. त्याने बाहेरचा थरही बसतो आणि गोळा कमी फुटतो.

चुलीवर किंवा गॅसवर शिजवायचे तर या वाटणात तीन वाट्या गरम पाणी घालावे. स्लो कुकरमध्ये वाफ जवळजवळ बाहेर जात नाही, म्हणून तिथे दीड ते दोन वाट्याच पुरतात.

शिजवणे

रश्श्याला उकळी आली की आच कमी करावी आणि गोळे एकेक करून अलगद सोडावेत. शक्यतो एकाच थरात बसतील असे रुंद पातेले घ्यावे. पहिली वीस मिनिटे पळी अजिबात लावू नये. हलवणे भाग असेल तर पातेले फडक्याने दोन्ही बाजूंनी धरून गोल फिरवावे. झाकणावर पाण्याची ताटली ठेवून, रश्श्यावर अधूनमधून एखादाच बुडबुडा येईल इतक्या आचेवर ४५ ते ६० मिनिटे शिजवावे.

स्लो कुकरमध्ये परतलेले वाटण आणि रस्सा उकळता असतानाच घालावा, त्यात गोळे सोडावेत आणि झाकण लावावे. तेज खुणेवर अडीच ते तीन तास, मंद खुणेवर पाच ते सहा तास लागतात. मध्ये झाकण उघडले की साठलेली उष्णता निघून जाते आणि वेळ लांबतो. भांडे निम्म्याहून कमी किंवा दोन-तृतीयांशाहून जास्त भरलेले नसावे.

आंबट आणि नाजूक जिन्नस शेवटी घालावेत. तीन-चार आमसुले शेवटच्या दहा मिनिटांत पडली की पुरे. नारळाचे दूध घालायचे असेल तर तेही अखेरीस, कारण फार वेळ तापल्यावर ते फुटते. प्रेशर कुकरची शिट्टी या पदार्थाला मानवत नाही. शिट्टीनंतर दाब एकदम उतरतो, रस्सा जोराने उसळतो आणि गोळे एकमेकांवर आपटतात.

काळजी

अखंड मांसावर जंतू बहुतेक बाहेरच्या पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतवर मिसळतात. म्हणून खिम्याचा गोळा मध्यापर्यंत ७१ अंशांना पोचणे आवश्यक असते. तापमापक नसेल तर मोठ्यातला मोठा गोळा कापून पाहावा: मध्यभाग पूर्ण शिजलेला आणि रस स्वच्छ असावा. जंतू ४ ते ६० अंशांच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. त्यामुळे गोठवलेले गोळे थेट स्लो कुकरमध्ये टाकू नयेत आणि कच्चे गोळे गार रश्श्यात ठेवून यंत्र उशिरा सुरू होईल अशी व्यवस्था करू नये. पावसाळ्यात गोळे शिजत असताना वीज गेली, तर वाट न पाहता सगळे पातेल्यात काढून गॅसवर पूर्ण शिजवावे. घरी कोणी नसताना वीज बराच वेळ गेली असेल तर ते कालवण खाऊ नये. उरलेले कालवण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे, आणि पुन्हा गरम करताना त्याला गॅसवर सणसणीत उकळी यावी. स्लो कुकर गरम करण्यासाठी नाही.

श्रावणातले गोळे

मांस वर्ज्य असलेल्या महिन्यांत आणि घरांत हीच रीत डाळीवर चालते. मराठवाडा आणि सोलापूरकडची गोळ्यांची आमटी आणि विदर्भातला गोळा भात यांत हरभऱ्याच्या डाळीचे किंवा भरड्याचे गोळे असतात. डाळ भिजवून, पाणी कमीत कमी वापरून जाडसर वाटावी. फार बारीक वाटलेल्या डाळीचा गोळा दडदडीत होतो. मात्र इथे रस्सा चांगला उकळता हवा, कारण डाळीत मांसासारखे चिकट प्रथिन नसते. उष्णता लागताच बाहेरचा पिठाचा थर धरला नाही तर गोळा विरघळतो. एक गोळा आधी सोडून पाहावा, आणि तो टिकला तरच बाकीचे सोडावेत. गोळे वर तरंगू लागले की आच कमी करून १५-२० मिनिटे शिजू द्यावेत.

वाढणी

कर्जत हा भाताचा मुलूख आहे. इथल्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेले ‘कर्जत’ मालिकेतील भाताचे वाण कोकणभर लावले जातात. साहजिकच या कालवणाची खरी जोडी तांदळाची भाकरी आणि गरम भात. सोबत अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या फोडी द्याव्यात. तो तिखट कमी आणि गोडसर असल्याने मसाल्याच्या रश्श्याला तोल येतो. आच बंद केल्यावर कालवण दहा मिनिटे झाकून ठेवावे, तेवढ्यात गोळ्यांत रस मुरतो आणि वर तेलाचा तवंग येतो. वाढताना पळीऐवजी खोलगट डाव वापरून आधी गोळे काढावेत आणि रस्सा वरून घालावा. असे केले की शेवटच्या पानावरही गोळा अखंड जातो.