निकाल लागले, धसका राहिला

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री अलिगढमध्ये मराठीचे प्राध्यापक डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या घरात माणसं कॅमेरा घेऊन घुसली. दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळून तेव्हा सातच महिने झाले होते. तरीही समलिंगी संबंधांवरून त्यांच्या विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केलं. एप्रिलच्या सुरुवातीला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि त्यानंतर आठवड्याच्या आत सिरस आपल्या घरी मृतावस्थेत सापडले. मराठीत कविता लिहिणाऱ्या या माणसाची आठवण मराठी जगाने फारशी जपली नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुढे कायदा हेलकावत राहिला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरवले, २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची धार काढून घेतली. पण निकालाची तारीख अंगात भिनलेल्या भीतीला कळत नाही. भावांनी कोंडून मारहाण केलेली मुलगी भाड्याच्या खोलीतही दाराकडे तोंड करून झोपते. बेल वाजली की आधी फोनमधले मेसेज पुसते. चौकीत छळ सोसलेली तृतीयपंथी व्यक्ती पोलिसांची गाडी दिसली की रस्ता बदलते. मानसोपचारात याला आघातोत्तर ताण म्हणतात. पण ज्यांचा आघात अजून संपलेलाच नाही, त्यांच्या बाबतीत ‘उत्तर’ कुठून आणायचं?

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि १९८० मध्ये त्याच यादीत आघातोत्तर ताण आला. तो आला मुख्यतः व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांमुळे. ज्यांना त्या यादीनेच वर्षानुवर्षं आजारी ठरवलं, विजेचे झटके देऊन ‘सुधारायला’ पाहिलं, त्यांच्या जखमांकडे लक्ष जायला फार उशीर झाला. आपल्याकडे भारतीय मानसोपचार संघटनेने समलैंगिकता हा आजार नाही असं जाहीरपणे म्हटलं ते २०१४ मध्ये. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश निकाल देण्याआधी स्वतः समुपदेशकाकडे गेले, आपले पूर्वग्रह त्यांनी निकालपत्रात मोकळेपणाने लिहिले आणि लैंगिकता बदलण्याच्या ‘उपचारां’वर बंदी घातली. या साऱ्या मागोव्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे पाऊल.

२०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही असे ‘उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तुमच्या गावात कुणी डॉक्टर आजही ते करत असेल, तर राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करा.