ट्रॉलीचे चाक आणि त्यातले बेअरिंग

वसंतातल्या व्याख्यानमालेत हब आणि बेअरिंग हा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण उसाच्या हंगामात रात्री, दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागून ज्याने दुचाकीवर प्रवास केला आहे, त्याला या विषयाचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही. ट्रॉली दुसऱ्याची असली, तरी तिचे चाक निखळले म्हणजे ते मालक पाहून अंगावर येत नाही. शिवाय आता कारखान्यांचा पट्टा पडतो आणि ट्रॉल्या खळ्यात रिकाम्या उभ्या राहतात. चाके उघडून पाहण्याची हीच वेळ.

बैलगाडीचा तुंबा आखावर घासत फिरत असे. वंगण सरले की चाक करकरू लागे आणि गाडीवान खाली उतरे. बेअरिंगने या घासण्याचे लोळण्यात रूपांतर केले. ट्रॉलीच्या चाकात बहुधा असते ते निमुळत्या रोलरांचे बेअरिंग. हेन्री टिमकेन आणि रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांनी त्याचे पेटंट अमेरिकेत १८९८ साली घेतले. टिमकेन हा मूळचा घोडागाड्या बनवणारा. वळणावर चाकाला बाजूनेही रेटा बसतो, ही गोष्ट त्याला पुस्तकात वाचावी लागली नसणार! निमुळता रोलर वरचे वजन आणि बाजूचा रेटा, दोन्ही सोसतो; म्हणून हबमध्ये अशी दोन बेअरिंगे समोरासमोर बसवतात.

मात्र तुंब्याचा एक गुण बेअरिंगात नाही. ते वेळेवर कुरकुरत नाही. म्हणून आपणच चौकशी करावी लागते. ट्रॉली रिकामी करून, इतर चाकांना उटी लावून, जॅकवर चढवावी. टायर वर-खाली धरून हलवावा, मग चाक फिरवून कान द्यावा. खरखर ऐकू आली किंवा चाक डुगडुगले, तर हब उघडावा. एका फेरीनंतर सर्व हबांजवळ हात नेऊन पाहणे हीदेखील उत्तम परीक्षा. एकच हब बाकीच्यांपेक्षा गरम असेल, तर दुखणे तिथे आहे.

नवे बेअरिंग घेताना डोळ्यांवर विसंबू नये. जुन्या कड्यावर कोरलेला नंबर पुसून वाचावा. मिलिमीटरच्या मापात ३२२१० असा नंबर असेल, तर शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणावे. आतले भोक ५० मिलिमीटर. इंची मापाच्या नंबरांना हा हिशेब लागू नाही. तिथे बाहेरचे कडे तेच आणि आतले भोक वेगळे, अशा जोड्याही मिळतात. नंबर झिजून गेला असेल, तर आखाची बेअरिंग बसते ती जागा व्हर्निअरने मोजूनच दुकानात जावे.

एकदा आम्ही स्वतःच फसलो. मिस्त्रीने आतला भाग, म्हणजे कोन, नवा घातला आणि बाहेरचे कडे, म्हणजे कप, ‘चांगला आहे की’ म्हणून जुनाच ठेवला. ठोकून काढण्याचा त्रास वाचला, याचे आम्हांलाही बरेच वाटले. जुन्या कपावरच्या खड्ड्यांनी नवे रोलर त्याच हंगामात खाऊन टाकले. कप आणि कोन जोडीनेच बदलावेत; ऑइलसीलही नवे घालावे, कारण चिखल आणि पाणी आत शिरते ते त्याच वाटेने.

हब केव्हा बदलायचा? कप त्यात घट्ट ठोकून बसला पाहिजे. तो हाताने फिरत असेल, तर हबचे आयुष्य संपले. भोकाच्या आत पंचाने खुणा ठोकून कप आवळण्याची युक्ती चालते, पण ती आम्हांला मान्य नाही. असा कप पुन्हा सुटतो. नव्या हबवर बोल्टांची संख्या जमली म्हणजे वर्तुळ जमले असे नव्हे. पाच बोल्ट असतील, तर शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधले अंतर १.७ ने गुणावे. वर्तुळाचा व्यास मिळतो.

आता भाराविषयी. रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या साध्या प्रमाणात घटत नाही. भार दीडपट केला, तर ते चौथाईवर येते आणि दुप्पट केला, तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. खेप वाचवून मिळालेले पैसे कुठे जातात, ते यावरून कळावे. आणि तेही बेअरिंग गोदामात निकामी होत नाही, रस्त्यावर होते.

बसवताना रोलरांच्या फटींत ग्रीस तळव्याने दाबून भरावे; हब मात्र ठासून भरू नये, ग्रीस तापून सीलबाहेर येते. जुन्यात वेगळ्या जातीचे ग्रीस मिसळू नये. चाक फिरवत नट आवळावा, मग सैल करून पुन्हा केवळ बोटांनी बसवावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. फार आवळलेले बेअरिंग तापून जळते. केसभर प्ले राहिलेला बरा. पहिल्या भरल्या खेपेनंतर चाकाचे नट पुन्हा पाना लावून पाहावेत. कारखान्याच्या काट्यावरच्या रांगेत तेवढा वेळ हमखास मिळतो.