भडोचचा लोखंडी पूल

नर्मदा नदी आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या कडेने वाहते. पुढे ती गुजरातेत जाते आणि भडोच शहर ओलांडून समुद्राला मिळते. भडोचला तिचे पात्र फार रुंद आहे. त्यावर एक जुना लोखंडी पूल उभा आहे. लांबी सुमारे १,४०० मीटर.

मुंबईहून अहमदाबादेला रेल्वे न्यायची, तर नर्मदा ओलांडायलाच हवी. म्हणून १८६० च्या सुमारास तिथे पहिला पूल झाला. पण नर्मदेचा पूर तो! त्याने पुलाची पुन्हा पुन्हा मोडतोड केली. मग १८७७ साली नवा पूल बांधायला घेतला. त्याचे गाळे लांब ठेवले. गाळे लांब, म्हणजे खांब कमी आणि पाण्याला वाट मोकळी. १८८१ साली हा पूल खुला झाला. खर्च ४५ लाख रुपयांच्या वर गेला. ‘एवढ्यात सोन्याचा पूल झाला असता!’ असे लोक म्हणू लागले. त्याला अजूनही सोन्याचा पूल म्हणतात.

या पुलाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्यांची कैची आहे. आपल्या छपराला असते तशीच. कैचीत ताकद कुठून येते? करून पाहा. चार काड्यांचा चौकोन बांधा आणि कोपरा दाबा. चौकोन कलतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण बांधा. कितीही दाबा, तो कलत नाही. कैची म्हणजे त्रिकोणांची रांग. काही पट्ट्या दाब सोसतात, काही ताण. म्हणून थोड्या लोखंडात मोठे ओझे पेलते.

१९३५ साली रेल्वेला दुसरा पूल मिळाला. पुढे जुन्या पुलावरून मोटारी जाऊ लागल्या. २०२१ साली शेजारी नवा पूल झाला, तेव्हा या म्हाताऱ्याचे ओझे उतरले.

मात्र लोखंडाला गंज लागतो. रंग दिला नाही, तर गंज पट्टी खात जातो. अशा पुलावर गर्दी झाली, की घात होतो. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीत कोसळला. चार जीव गेले.

पुलाच्या तोंडाशी पाटी असते. किती वजन न्यावे, पूल धोक्याचा आहे का, हे तिच्यावर लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. पाटी वाचा, मगच पाऊल टाका. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही वाचून दाखवा.