राहीच्या कात्रणांची वही

कुणी सचिनचा चाहता असतो, कुणी माधुरीचा. त्यांना कधी खुलासा करावा लागत नाही. मी नेमबाज राही सरनोबतची चाहती आहे असं म्हटलं, की महाडच्या आमच्या शाळेत शिक्षकखोलीत पुढचा प्रश्न हमखास येतो, "नात्यातली का?" नातं म्हणाल तर एवढंच, की ती कोल्हापूरची आणि माझं माहेर कोल्हापूरचं. शिवाय नाव राही! विठोबाच्या शेजारी रखुमाईच्या आधी जिचं नाव येतं, ती. आमच्या पोलादपूरच्या सासूबाई माळकरी. त्यांनी नुसत्या नावावर तिला आपली मानली.

वहीची सुरुवात २०१३ च्या एप्रिलमधली. दक्षिण कोरियात चांगवॉनच्या विश्वचषक स्पर्धेत राहीनं २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं होतं. तेव्हा ती बावीस वर्षांची. बातमी कापली आणि मुलीच्या जुन्या चित्रकलेच्या वहीत खळीनं चिकटवली. मग सवयच लागली. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण आलं, तेव्हा त्या कात्रणाला अख्खं पान दिलं.

आणि मग कात्रणं थांबली. राहीचं कोपर दुखावलं.

दुसऱ्या एखाद्या खेळात कोपराचं दुखणं कदाचित निभावून नेता येईल. इथे नाही. किलोभर वजनाचं पिस्तूल एकाच हातात धरायचं, दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. या प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यात हात खाली ठेवून उभं राहायचं, निशाण तीन सेकंदांसाठी दिसलं की हात उचलायचा, एक गोळी झाडायची, पुन्हा हात खाली. सात सेकंदांनी पुन्हा तेच. स्पर्धेत असं तीस वेळा. सरावात किती वेळा, त्याचा हिशेब कोण ठेवणार? त्या उचलण्याचा सगळा भार पेलणाऱ्या हाताचंच कोपर गेलं तर नेमबाजाकडे उरतं काय?

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या पथकात राही नव्हती. तो ऑगस्ट आम्हा महाडकरांना वेगळ्याच कारणानं आठवतो. २ तारखेच्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, दोन एसटी बस आणि एक मोटार पुराच्या पोटात गेली. तीन दिवसांनी रिओत ऑलिंपिकचं उद्घाटन झालं, तेव्हा आम्ही सगळे नदीकाठी उभे होतो. त्या दिवसांत राहीची आठवणही झाली नाही, हे कबूल करते. पुढच्या वर्षी जूनमध्ये नवा पूल वाहतुकीला खुला झाला. राहीची मात्र बातमी नव्हती. ह्यांनी एकदा विचारलंही, "वही आता रद्दीत घालायची का?" मी चार दिवस बोलले नाही.

राहीनं मुंखबायार दोर्जसुरेन या मूळच्या मंगोलियन बाईंकडे शिकायला सुरुवात केल्याचं पुढे वाचनात आलं. बाईंनी २५ मीटर पिस्तुलात ऑलिंपिकची दोन कांस्यपदकं मिळवलेली. एक १९९२ मध्ये मंगोलियासाठी, दुसरं सोळा वर्षांनी जर्मनीसाठी. सोळा वर्षांनी! हे वाचलं त्या दिवशी मी निर्धास्त झाले.

२२ ऑगस्ट २०१८. बकरी ईदची सुटी, श्रावण, आणि आम्ही पोलादपूरच्या घरी. आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस कोसळून महिनाही झाला नव्हता. घरोघरी तोच विषय निघे. टीव्ही लावला तो केवळ माझ्या हट्टानं. पालेमबांगला आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी होती. प्राथमिक फेरीत सोळा वर्षांची मनू भाकर ५९३ गुणांनी पहिली आणि आमची राही ५८० गुणांनी सातवी. मनू सहाव्या क्रमांकावर बाद झाली. राही मात्र टिकून होती. शेवटी ती आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून, दोघींचे ३४-३४. बरोबरी तोडायला पाच-पाच गोळ्या. पुन्हा ४-४! पुन्हा पाच गोळ्या. आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळला, डिशचा सिग्नल गेला.

पडदा निळा. ह्यांनी पत्र्यावर चढायची तयारी दाखवली, मी नको म्हटलं. मुलगी मोबाइल घेऊन खिडकीत गेली, तिथे एक दांडी रेंज मिळते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. चित्र परत आलं तेव्हा फलकावर ३-२ होते, राहीच्या बाजूनं. आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. सासूबाई वाती वळत होत्या. त्यांनी विचारलं, "काय गं, जिंकली का तुझी पोर?" मला उत्तर देता येईना. मग त्यांनीच उठून देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर वही भरभर भरली. २०१९ मध्ये म्युनिकचं सुवर्ण आणि त्याबरोबर देशाला ऑलिंपिकची जागा. २०२१ च्या जूनअखेर क्रोएशियात ओसिएकला पुन्हा सुवर्ण. हे शेवटचं कात्रण चिकटवून महिना झाला नाही तोच २२ जुलैला महाडात पूर आला. आमच्या तळमजल्यावर माळ्याला टेकेल एवढं पाणी. वही कपाटात होती.

२९ आणि ३० जुलैला टोकियोत राहीची स्पर्धा होती. त्याच आठवड्यात कोल्हापुरातही पंचगंगा शहरात शिरली होती, म्हणजे तिचंही गाव पाण्यात. आमच्याकडे वीज नाही, टीव्ही चिखलात. आम्ही फावड्यानं गाळ उपसत होतो. पुण्याहून मदतीला आलेल्या एका मुलाला मी निकाल विचारला, तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं मोबाइलवर शोधून सांगितलं, "अंतिम फेरीत नाही पोहोचल्या, काकू." मी बरं म्हटलं आणि घमेलं उचललं. संध्याकाळी ओल्या वहीची पानं सोडवून दोरीवर वाळत घातली. ग्लासगोचं पान राहिलं, ओसिएकचं फाटलं.

पुढे मज्जातंतूंच्या दुखण्यानं राही पुन्हा दीर्घकाळ खेळापासून लांब राहिली. या वेळी ह्यांनी रद्दीचं नाव काढलं नाही. २०२५ च्या सुरुवातीला उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत महाराष्ट्रासाठी तिनं सुवर्ण जिंकलं, ती छोटीशी बातमी त्यांनीच सकाळी कापून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवली होती. कप उचलला तर कात्रणावर चहाचं गोल वर्तुळ उमटलेलं. तसंच चिकटवलं. नवी वही आता माळ्यावर असते.